वाजणारी कोठी

"टाका," मगदूम बाई म्हणाल्या.

कोठीचं झाकण एका हातानं उचलून धरून त्या गच्चीच्या दारातच उभ्या होत्या. देवळाबाहेर चपला काढाव्यात तसे आमच्या गच्चीवर दर गुरुवारी चार वाजता फोन काढून ठेवावे लागायचे. तेही पत्र्याच्या कोठीत. बाईंच्या आईनं ज्यात वर्षाचा गहू भरून ठेवला होता, त्या कोठीत आता आमचे फोन पडायचे आणि वर अलिगढी कुलूप.

"बाई, मला आज फोन यायचाय," मी म्हटलं.

"किती वाजता?"

"सातला."

"मग? सहाला उपवास सुटतो. टाका."

बाई निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण आवाजातला खडू अजून झिजला नव्हता. मी फोन टाकला. माझ्या मागे शमशाद भाभी होत्या. त्यांनी नातवाचा फोटो एकदा बघून घेतला, पडद्यावर बोट फिरवलं आणि टाकला. उपाध्ये काका नेहमीसारखे काहीतरी पाठवत पाठवत जिना चढत होते.

"काका!"

"झालं बाई, झालं. गेला बघा. टाकला." काकांनी फोन कोठीत सोडला, बाईंनी कुलूप घातलं, ओढून बघितलं आणि किल्ली पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. पदर खोचला. उपवास सुरू.

हा उपवास आला पुरातून. आदल्या वर्षी सांगलीत पाणी शिरलं आणि आमची सोसायटी पहिल्या मजल्यापर्यंत बुडाली. लाइट गेली, मग एकेक करून फोन मेले. बचावाची होडी येईपर्यंत आम्ही जे होतो ते गच्चीवर होतो. काकांचा दोडक्याचा वेल, भाभींचा पुदिना, कुणाचं अळू, माझी टोमॅटो-वांगी आणि ज्याच्या घरात जे डाळ-तांदूळ वर निघाले ते, असं सगळं एका पातेल्यात शिजलं. पाणी ओसरल्यावर बाई म्हणाल्या, आपण एकमेकांची तोंडं कितीतरी वर्षांनी नीट बघितली, आता आठवड्यातून दोन तास तरी बघायची. गच्चीवर सगळ्यांनी मिळून भाजी लावायची आणि तेवढा वेळ फोनचा उपवास. त्या उपवास म्हणाल्या म्हणून लोकांनी ऐकलं. नियम म्हणाल्या असत्या तर आधी मीटिंग घ्यावी लागली असती.

वर्षभरात त्या उत्साहाचं काय झालं होतं ते मी सांगते. टोमॅटो पिकला की उंदीर आमच्या आधी चाखायचे. जास्वंदीवरची पांढरी कीड भेंडीवर आली होती. वरच्या मजल्यावरच्या लोकांचं छत गळत होतं आणि त्याचा दोष माझ्या कुंड्यांना होता. माझी भेंडी कोण तोडतं हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं, तरी ती जिन्यात "काय म्हणतेय भेंडी?" असं विचारायची. गुरुवारी सुरुवातीला पंधरावीस जण यायचे. आता आम्ही चौघं. त्यातही बाईंचा तास असल्यासारखं वाटायचं.

मी कंटाळले होते. आणि सातच्या फोनवर मी 'हो' म्हणणार होते.

तो फोन केतकीचा होता, माझ्या लेकीचा. हे गेल्यापासून ती म्हणत होती, पुण्याला ये. पुरानंतर ती म्हणायचं सोडून भांडायला लागली. त्या दिवसांत तिला माझा फोन लागला नव्हता. ती पुण्यात बसून बटण दाबत होती आणि तिकडून रेकॉर्डमधली बाई सांगत होती, आपण डायल केलेला नंबर बंद आहे. त्यानंतर मी अंघोळीला गेले आणि एक फोन चुकला तरी ती रडकुंडीला यायची. आखाड लागायच्या आधी आमचं कडाक्याचं वाजलं. ती म्हणाली, "त्या चार कुंड्यांसाठी तू मला असं टांगून ठेवतेस." मी म्हटलं, "आणि तू तुझ्या भीतीसाठी मला नवव्या मजल्यावर टांगणार." झालं. तेव्हापासून बोलणं बंद. त्या दिवशी सकाळी मात्र मेसेज आला: आज सातला फोन करते. हो की नाही एवढंच सांग. नाही म्हणालीस तर पुन्हा विचारणार नाही.

एकुलती एक लेक. तिनं विचारायचंच सोडलं तर माझ्याजवळ काय राहणार होतं? किडकी भेंडी.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी वांग्याची रोपं लावायची होती. कृष्णाकाठी राहून वांगी विकत आणायची याची बाईंना भारी लाज वाटायची. म्हणून तेलाचे डबे, फुटके टब, माझी कड तुटलेली निळी बादली, असं सगळं रांगेत मांडलं होतं. बाई मधोमध मातीच्या ढिगाशी बसून शेणखत कालवत होत्या आणि घमेली भरून आमच्याकडे सरकवत होत्या.

"शैला, रोप दाबू नकोस इतकं. रुसल्यासारखं काय लावतेस?"

"रुसले नाही, बाई."

"मग तोंड का असं?"

"तोंड असंच आहे जन्मापासून."

भाभी हसल्या. "आज हिचं काहीतरी बिनसलंय. मघापासून बघतेय, एकाच बादलीवर बसलीय."

ती बादली मी भाभींना द्यायची ठरवली होती. माझ्यामागे तिला पाणी कोण घालेल याचा विचार करता करता शेवटचं रोप त्यात लावलं आणि तेवढ्यात कोठीत कोंबडा आरवला.

माझ्या फोनची रिंग म्हणजे कोंबडा. केतकीनंच लावून दिला होता, तिच्या फोनसाठी वेगळा. दुसरं कुणी केलं तर साधी टुणटुण वाजायची. म्हणजे फोन तिचाच, आणि सूर्य अजून चांगला वर होता.

"सात वाजले?" मी उठलेच.

"साडेपाच असतील नसतील," काका म्हणाले.

कोंबडा आरवायचा थांबला. पुन्हा सुरू झाला. पत्र्यात तो असा घुमत होता की आत खरंच कुणीतरी कोंबडा कोंडलाय असं वाटावं.

"बाई, उघडा."

"अर्धा तास राहिलाय."

"बाई, केतकीचा फोन आहे. ती दोन महिन्यांनी फोन करतेय. उघडा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे, त्या हात झटकत उठल्या. पदर काढला. टोक हातात घेतलं. दुसरं टोक असल्यासारखा पदर उलटापालटा केला.

गाठ सुटली होती.

"इथंच होती," बाई म्हणाल्या. इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

आम्ही सगळ्यांनी एकदमच त्या मातीकडे बघितलं. ढीग जवळजवळ संपला होता. सगळी माती डब्याडब्यांत भरून, पाणी शिंपडून, वर एकेक रोप लावून झालं होतं.

"म्हणजे किल्लीचं वांगं लावलं म्हणा की कुणीतरी," काका म्हणाले.

"काका, चेष्टा सुचते तुम्हाला?"

"आता काय करायचं म्हणता? कुलूपवाल्याला फोन करा."

"कशावरून?" भाभींनी विचारलं.

काकांनी कुदळ उचलली आणि कुलपावर घातली. कोठीला पोचा पडला, कुलूप जसंच्या तसं. दुसरा घाव घालणार तेवढ्यात बाई आडव्या आल्या. "माझ्या आईची आहे हो ती!" काकांनी कुदळ खाली ठेवली.

आणि कोठीत एक बाळ खिदळायला लागलं.

"हा माझा," भाभी म्हणाल्या. त्यांच्या नातवाचं हसू त्यांनी रिंगला लावलं होतं. बाळ पोटभर हसलं आणि थांबलं. लगेच रेल्वे स्टेशनात गाडीची घोषणा व्हायच्या आधी वाजतं तसं टिंग टिंग टिंग वाजलं. ते काकांचं.

"आज सगळ्यांनाच कुणी आठवलंय," काका म्हणाले.

पुन्हा कोंबडा.

माझं डोकं फिरलं. मी तशीच मातीच्या हातांनी जिना उतरले आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. "शेठ, तुमचा फोन द्या जरा, अडचण आहे." त्यांनी दिला. मी बोट उचललं आणि बोट तसंच राहिलं. केतकीचा नंबर मला येत नव्हता. मी तो कधी दाबलाच नव्हता. केतकी असं नाव दाबायचे, तिचा चेहरा यायचा आणि ती बोलायची. मला येत होता तो आमच्या जुन्या घरच्या फोनचा नंबर, जो काढून टाकूनही युगं लोटली होती. ती शाळेत असताना मीच तिच्याकडून तो घोकून घेतला होता, हरवलीस तर कुणालाही सांग म्हणून.

"काकू, नंबर?" शेठनी विचारलं.

"नाही येत," मी म्हटलं आणि फोन परत दिला. त्यावर माझ्या हातांची माती लागली होती. ती पदरानं पुसायला गेले तर आणखी लागली.

जिना चढताना मला रडू येत होतं आणि राग येत होता. बाईंचा, त्या कोठीचा, उपवासाचा. फोन उचलला नाही म्हणजे ती काय समजणार? आईनं उत्तर दिलं. आईला बोलायचंच नाही. मी हो म्हणायचं ठरवलं होतं आणि एका पत्र्याच्या डब्यानं माझ्या वतीनं नाही सांगून टाकलं होतं.

वर आले तर बाळ पुन्हा खिदळत होतं. भाभी कोठीला कान लावून बसल्या होत्या. त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं.

"शैला, ऐक. आधी तुझा वाजतो, मग माझा, मग काकांचा. परत तुझा, परत माझा. ही तुझीच पोरगी आहे गं. एकीकडून सगळ्यांना लावत सुटलीय."

मी कोठीवर हात ठेवला. बाळ थांबलं, पत्रा जरासा थरथरला आणि टिंग टिंग टिंग झालं. मग कोंबडा. मग बाळ. तिच्या लहानपणी मी कामावर असले की शाळेतून आल्यावर केतकी आधी आमच्या दाराशी जायची, मग भाभींच्या, मग काकांच्या. त्याच पायऱ्यांनी ती आत्ता फिरत होती.

मग थोडा वेळ काहीच वाजलं नाही. आणि शाळेची घंटा झाली.

घंटा बाईंच्या फोनची. बाई दचकल्या.

"हा कुणाचा असेल? मला कोण करणार यावेळी?"

"केतकीच," भाभी म्हणाल्या.

"छे. तिच्याकडे माझा नंबर कशाला असेल?"

बरोबरच होतं. सातवीत गणितात नापास झाली म्हणून बाईंनी केतकीला वर्गाबाहेर उभं केलं होतं, आणि त्या बाईचं तोंड पुन्हा बघणार नाही असं म्हणून ती आठ दिवस मागच्या जिन्यानं जात-येत होती. घंटा वाजत राहिली. वाजून थांबली आणि पुन्हा वाजली.

"तिनं ठेवलाय माझा नंबर?" बाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या.

मग त्या खाली बसल्या, समोरचा तेलाचा डबा, स्वतः लावलेला, दोन्ही हातांत धरला आणि उपडा केला. वांग्याचं रोप आडवं पडलं.

"बाई, रोपं मरतील," काका म्हणाले.

"बघत काय बसलाय? तुमचा ओता!"

आम्ही चौघं गुडघ्यांवर बसून माती चिवडायला लागलो. एकेक डबा उपडा करायचा, ढेकूळ फोडायचं, रोप बाजूला ठेवायचं. कोठी आता गप्प होती आणि तेच मला सोसत नव्हतं. वाजत होती तोवर ती लावत तरी होती. माझी निळी बादली मी शेवटी घेतली. अर्धी रिकामी केली आणि नखाला काहीतरी टोचलं.

झाकण उघडलं तेव्हा आतले सगळे फोन दिव्यांसारखे लुकलुकत होते. मी माझा उचलून तिचं नाव दाबलं. अर्धी रिंगसुद्धा झाली नाही.

"आई?"

"हो गं."

पलीकडे नुसता गाड्यांचा आवाज. आणि मग एकदम फुटलीच. "कुठे उलथली होतीस? कुठे होतीस तू? सगळ्यांना लावले, एकजण उचलत नाही, एकही नाही!"

"गच्चीवर होते."

"पाणी कुठवर आलंय?"

"पाणी? अजून घातलंच नाही. रोपं उपटून पडलीत सगळी."

"आई, पुराचं पाणी! सोसायटीचं गेट बुडालंय, मी व्हिडिओ बघितलाय!"

मी गच्चीच्या कठड्यावरून खाली बघितलं. गेटात कुत्रं झोपलं होतं. "केतकी, इथं रस्ते कोरडे ठणठणीत आहेत," मी म्हटलं.

माझ्यामागे काका आपल्या फोनमध्ये बघत उभे होते. त्यांचा चेहरा पडला होता. "मीच पाठवला वो," ते म्हणाले. "मागच्या वर्षी मीच इथनं काढलेला. आज फोननंच आठवण दाखवली, मी आपला पुण्याच्या भावाला पाठवला वर येता येता. त्यानं पुढं ढकलला असणार."

केतकीला ते ऐकू गेलं. ती हसली की तिनं हुंदका दिला ते मला कळलं नाही. म्हणाली, "मी निघालेय. शिरवळच्या पुढं आलेय. आता येतेच."

"सावकाश ये," मी म्हटलं. हो-नाहीचं दोघींपैकी कुणीच काढलं नाही. फोन ठेवला तेव्हा बाई, भाभी आणि काका मावळतीच्या उजेडात वाकून रोपं परत लावत होते. बाई कुणालाही रागावत नव्हत्या.

सकाळी मी चहाचे कप घेऊन वर गेले तर केतकी माझ्या आधीच येऊन उभी होती. रात्री आली ती जेवून झोपलीच होती. रोपांनी माना टाकल्या होत्या.

"मेली का गं ही?"

"काही जगतील. दोन दिवसांत कळेल."

तिनं चहा घेतला. कोठीला पडलेल्या पोच्यावरून हात फिरवला. "तुझं उत्तर राहिलंय, आई."

"हो म्हणणार होते."

तिनं झटकन माझ्याकडे बघितलं. "होते?"

"कंटाळलेय मी. ही भेंडी, हे उंदीर, ह्या बाई. खरंच सांगते. सामान काय न्यायचं तेसुद्धा मनात ठरवलं होतं." मी कप कठड्यावर ठेवला. "पण मला एक सांग. काल माझा फोन लागला नाही तर तू भाभींना लावलास, काकांना लावलास, बाईंनासुद्धा लावलास. पुण्यात तू ऑफिसात असलीस आणि मी फोन उचलला नाही, तर कुणाला लावशील?"

"खाली वॉचमन असतो की," ती म्हणाली.

"नंबर आहे त्याचा?"

तिनं फोन काढला. नावांवरून बोट सरकवत राहिली. मग बोट थांबलं.

"काय शोधतेयस?"

"नाव काय त्याचं तेच आठवत नाहीये," केतकी म्हणाली.

तेवढ्यात दारातून खडूचा आवाज आला.

"केतकी! नुसती उभी काय राहिलीस? तो प्लास्टिकचा मग घे आणि पाणी घाल. बुंध्याशी घाल, पानांवर नको."

"हो, बाई," केतकी म्हणाली, आणि सातवीतल्यासारखी सावरून उभी राहिली. एका हातात मग, एका हातात फोन. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि उघड्या कोठीत फोन ठेवायला वाकली.

"राहू दे खिशात," बाई म्हणाल्या. "गुरुवार काल झाला."

त्यानंतर तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. पण रागानं नाही. महिन्यातून एकदा येते, वांगी घेऊन जाते, उंदरांवर मला उपाय पाठवत राहते, त्यातला एकही चालत नाही. भेंडी अजून चोरीला जाते. गुरुवारी अजून कधी कधी आम्ही चौघंच असतो.

कोठीला मात्र कुलूप नाही. त्या जागी नुसती तार अडकवतो. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बाईंनी ऑइलपेंटनं सगळ्यांच्या मुलाबाळांचे नंबर लिहून ठेवलेत, फळ्यावरच्या अक्षरात. केतकीचा सगळ्यात वर आहे. मला तो बघावा लागत नाही. बाईंनी माझ्याकडून पाठ म्हणवून घेतलाय.